दुसरं काय, मजेत

वैखरी बंद पडली तेव्हा शिरीष कुलथे आपल्या मुलीबद्दल काहीतरी सांगत होता. "स्पृहाला म्हणावं, प्रवासात जरा जपून—" एवढं बोलून आवाज थांबला. पलंगाच्या उशाशी लावलेल्या छोट्या पडद्यावर निळी पट्टी आली : 'या संचातील सिस्टीम अ‍ॅक्टिव्हेट केलेली नाही. बोलण्याची सोय थांबवण्यात येत आहे. कृपया सपोर्टशी संपर्क साधा.'

हेमांगीच्या हातात इस्त्रीचे कपडे होते. "जपून काय? बोल ना," ती सवयीने म्हणाली आणि मग तिचं पट्टीकडे लक्ष गेलं. तिने संच बंद करून पुन्हा चालू केला. पट्टी गेली नाही. शिरीषचा चेहरा होता तसाच होता. तो गेली दोन वर्षं तसाच होता.

नाशकात कुणालाही विचारलं तरी शिरीष कुलथे माहीत होता. 'कुलथे मोटार ट्रेनिंग'. आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या, हमरस्त्यांवर रुळल्या, पण जुन्या नाशकाच्या बोळांत त्या गांगरून उभ्याच राहायच्या, त्यामुळे शिरीषचं दुकान चालत राहिलं. शिकायला येणाऱ्यांवर तो दिवसभर ओरडायचा आणि घरी येऊन उरलेलं हेमांगीवर ओरडायचा. मनाने वाईट नव्हता, पण तोंडाने फटकळ होता. भाजी चांगली झाली तर गप्प बसायचा, बिघडली तर तेवढं बोलायचा. "हेमे, मीठ विसरलीस," हे ती तीस वर्षं ऐकत आली होती.

मग एक दिवस क्लच दाबताना त्याचा पाय लुळा पडला. मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, माणूस आतून शाबूत राहतो. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. शेवटी श्वासाला यंत्र लागलं आणि पापण्याही त्याच्या ताब्यात उरल्या नाहीत.

त्याची जीभ जड होऊ लागली तेव्हाच त्यांनी वैखरी बसवून घेतली होती. आपण बोलतो तेव्हा ओठ, जीभ, घसा हलवण्याचे हुकूम मेंदूच्या एका पट्ट्यातून सुटतात. शिरीषच्या डोक्यात ते सुटत होते, फक्त खाली पोचत नव्हते. मेंदूच्या त्या भागावर केसाहून बारीक तारांची एक जाळी अंथरली गेली. ती ते हुकूम टिपायची आणि उशाशी ठेवलेला संच त्यांचे शब्द करायचा. आवाजही शिरीषचाच, त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला. पहिल्या दिवशी वैखरी "हेमे, पंखा लाव" असं म्हणाली तेव्हा हेमांगी पंखा लावायचा सोडून स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

आणि मग काहीतरी विलक्षण झालं. आजार वाढत गेला तसा शिरीष मऊ होत गेला. गेल्या दिवाळीनंतर तर तो तिला 'हेमे' म्हणेनासाच झाला. हेमांगी म्हणू लागला. "हेमांगी, किती करतेस माझ्यासाठी." "हेमांगी, तू आहेस म्हणून मी आहे." ती त्याला पुसून घ्यायची, कूस बदलायची, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे रोज सकाळी त्याचे पाय गुडघ्यात दुमडून पुन्हा सरळ करायची. "बरं वाटतंय ना रे?" असं विचारायची. "दुसरं काय, मजेत," तो म्हणायचा. दुखण्याने माणूस बदलतो हे तिने ऐकलं होतं. तिला वाटलं, आपला नवरा उशिरा का होईना आपल्याला मिळाला. हे ती कुणाला बोलली नव्हती, पण तिच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी विजेचा दाब अचानक वाढला आणि वैखरीचा मुख्य बोर्ड जळाला. श्वासाचं यंत्र वेगळ्या बॅटरीवर होतं म्हणून वाचलं. नाशकातल्याच कॅनडा कॉर्नरच्या एका दुरुस्तीवाल्याने दुसरा बोर्ड घालून दिला. संच चालू झाला, शिरीष पुन्हा बोलू लागला. पडद्यावर 'अ‍ॅक्टिव्हेट करा' अशी सूचना रोज यायची आणि हेमांगी ती रोज पुसायची. तिला वाटलं, जाहिरात असेल.

ती जाहिरात नव्हती.

*

"आपली सिस्टीम संचाबरोबर आधीच बसवून आलेली आहे, मॅडम," सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली. "अशा सिस्टीमचा सपोर्ट संच बनवणारी कंपनी देते. आम्ही देऊ शकत नाही."

संच बनवणारी कंपनी म्हणाली, "तुमचं लायसन्स जुन्या बोर्डाशी जोडलेलं होतं. आमच्या लेखी हा आता वेगळाच संच आहे. बोर्ड बाहेरून बदललात ना?"

"तोच संच आहे हो. तोच माणूस आहे आत."

"लायसन्स माणसाचं नसतं मॅडम, बोर्डाचं असतं. अ‍ॅक्टिव्हेशन सिस्टीमवाल्यांच्या हातात आहे. तिकडे विचारा."

ती तिकडे विचारायची, तिकडचे इकडे पाठवायचे. मधल्या वेळात फोनवर सनई वाजायची. हेमांगी फोन स्पीकरवर टाकून शिरीषची कूस बदलायची आणि एकटीच बोलत राहायची. "जरा कळ काढ हं. आज होईल." उत्तर येत नव्हतं. घर इतकं शांत झालं होतं की श्वासाच्या यंत्राची वर-खाली होणारी फुसफुस दिवाणखान्यात ऐकू यायची.

स्पृहा बंगळुरूला असायची. सातवा महिना असल्यामुळे तिला प्रवास नको सांगितला होता. ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर यायची. "आई, काही झालं का? बाबांशी बोलल्याशिवाय मला झोप येत नाही गं." गेले काही महिने बापलेकीचंही गूळपीठ जमलं होतं. लहानपणी जिला त्याने गाडी शिकवताना रडवलं होतं, तिला आता तो "माझी शहाणी पोर" म्हणायचा. तिनेच शेवटी संचाच्या कंपनीतल्या कुणाला तरी गाठलं, भांडली, रडली, आणि पुण्याहून माणूस पाठवायचं कबूल करून घेतलं.

*

इम्तियाज मुजावर तिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा होता. आल्यावर त्याने आधी पलंगापाशी जाऊन शिरीषला सांगितलं, "काका, मी कंपनीकडून आलोय. तुमचा संच बघतो." हेमांगीला ते फार बरं वाटलं. येणारे लोक बहुतेक तिच्याशीच बोलायचे.

त्याने आपला लॅपटॉप जोडला. "काकू, नवं लायसन्स मी आणलंय. अ‍ॅक्टिव्हेट होईल. पण तुमच्या संचात आलेली सिस्टीम आता देता येत नाही, नवी बसवावी लागेल. नियम बदललाय."

"नवी म्हणजे? त्याला पहिल्यापासून शिकावं लागेल?"

"नाही, तो भाग जपता येईल. फरक दुसरा आहे." त्याने लॅपटॉपवर काहीतरी उघडलं. "आधी तपासणी करतो. त्यासाठी जुनी सिस्टीम थोडा वेळ चालू करता येते. तुम्ही नेहमीसारखं बोला काकांशी."

हेमांगी खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांनी. तिने केस सारखे केले. "शिरीष, कसा आहेस रे?"

संचातून तो ओळखीचा, उबदार आवाज आला. "दुसरं काय, मजेत!"

ती हसली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला दिसलं की इम्तियाज हसत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.

"पुन्हा विचारता काकू?"

"झोप झाली का नीट?"

"दुपारी मस्त झोप लागली."

"अजून एकदा."

"काय हवंय तुला? काही आणू?"

"दुधी आण बाजारातून, हलवा कर," वैखरी म्हणाली.

हेमांगीचा चेहरा बदलला. शिरीषने तोंडाने काही खाल्ल्याला वर्षं झाली होती. पोटात नळी होती. आणि दुधी हलवा त्याला कधीच आवडत नव्हता.

"हे काय बोलतोय तो?"

इम्तियाजने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिन्ही वाक्यं तिथे होती. प्रत्येक वाक्यातलं पहिलं अक्षर ठळक काळं होतं आणि बाकीचं सगळं फिकट राखाडी.

"मोबाईलवर आपण एक अक्षर टाइप केलं की तो पुढचे शब्द सुचवतो ना, तसंच आहे हे," तो म्हणाला. "मेंदूकडून येणारा संकेत कधीच पूर्ण स्वच्छ नसतो. गाळलेल्या जागा सिस्टीम अंदाजाने भरते. सुरुवातीला काकांचे संकेत जोरकस होते, भरायचं फार थोडं असायचं. आजार वाढला तसे संकेत मंदावले. तुमच्या संचात आलेली सिस्टीम अशी केली होती की तिने अडखळायचं नाही. घरच्यांना त्रास होतो म्हणून. संकेत कमी पडला की ती पुढच्या अक्षरासाठी न थांबता उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण करायची. लोकांना ऐकायला बरं वाटेल असं. काळं ते काकांचं. राखाडी ते..."

"यंत्राचं."

"हो."

"कधीपासून?"

त्याने एक आलेख उघडला. रेघ उतरत उतरत गेली होती आणि मग जमिनीला टेकून चालली होती. "साधारण गेल्या दिवाळीपासून."

दिवाळीपासून. हेमांगी, किती करतेस माझ्यासाठी. हेमांगी, तू आहेस म्हणून मी आहे. तिने एकेक वाक्य आठवलं, आणि आठवेल ते राखाडी होत गेलं. तिला त्या परक्या मुलासमोर लाज वाटली, कुणी आपली खासगी पत्रं चारचौघांत वाचावीत तशी. लिहिणाराही तिसराच निघावा तशी.

"मग तो इतके महिने गप्प होता?"

"गप्प नव्हते काकू," इम्तियाज खालच्या आवाजात म्हणाला. "तेच तर. तुम्ही विचारलंत की प्रत्येक वेळी ते काहीतरी सांगायला जातात. 'दु'पर्यंत येतात. पुढचं आपल्याला कळत नाही. आणि हे असं नाही, असं सांगायचं तरी ते सांगणार कशातून? त्यांच्याकडे हे एकच तोंड होतं."

*

इम्तियाजने तिला दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगितल्या. नवी सिस्टीम खात्री असल्याशिवाय शब्द उच्चारत नाही. म्हणजे काका बहुतेक वेळ गप्पच राहतील, दिवसात एखादा शब्द आला तर आला. जुनी सिस्टीम त्याला देता येत नव्हती, पण बाजारात ती चालू करून देणारे लोक होते. "मी नाव सांगणार नाही, पण पुष्कळ घरांनी तसं केलंय. मी त्यांना वाईट म्हणत नाही."

संध्याकाळी स्पृहा व्हिडिओवर आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, जुनीच ठेव."

"अगं, तो बोलतच नव्हता."

"असू दे. निदान आवाज होता. माझं बाळ आजोबांचा आवाज ऐकेल असं वाटलं होतं मला. नवीन घालून काय मिळणार? तू त्या खोलीत एकटी वेडी होशील."

"आणि तो? तो आत बसून ऐकणार, त्याच्या तोंडून कुणी भलतंच बोलतंय ते?"

"मला बाबा हवेत गं," स्पृहा रडू लागली.

"मलाही हवाय," हेमांगी म्हणाली. "मला तो 'मीठ विसरलीस' म्हणणारा हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्तियाजने नवी सिस्टीम बसवली. हेमांगीने स्वतः कोड टाकला. 'अ‍ॅक्टिव्हेशन यशस्वी' अशी हिरवी अक्षरं आली. पडदा कोरा झाला. खाली एका कोपऱ्यात बारीक ठिपके लुकलुकत होते.

"संकेत येतोय पण खात्रीइतका नाही, असा त्याचा अर्थ," इम्तियाज म्हणाला. "तिथे 'अंदाज दाखवा' असं एक बटण आहे. ते दाबलंत तर ती जुन्यासारखं वाक्य पुरं करून दाखवेल. नियमाने ते ठेवावं लागतं. दाबायचं की नाही, तुमच्यावर आहे."

त्यांनी वाट पाहिली. तिने प्रश्न विचारले. ठिपके लुकलुकले, शब्द आला नाही. चहा झाला. इम्तियाज सामान आवरू लागला. हेमांगीची व्यायामाची वेळ झाली होती. काहीतरी नेहमीचं करावं म्हणून ती पलंगापाशी गेली, चादर बाजूला केली, डाव्या पायाखाली हात घातला आणि रोजच्यासारखा तो गुडघ्यात दुमडला.

"दुखतंय," वैखरी म्हणाली.

हेमांगी पाय धरून तशीच उभी राहिली.

"दुखतंय. दुखतंय. दुखतंय."

पडद्यावर तिन्ही शब्द काळे होते. शेवटच्या अक्षरापर्यंत.

*

शिरीषवर उपचार करणाऱ्या डॉक्टर पारखांनी घरीच फिरतं एक्स-रे यंत्र मागवलं. डाव्या खुब्याच्या हाडाला तडा होता. ताजा नव्हता. कडांवरून काही महिन्यांचा असावा असं ते म्हणाले. पडून राहिल्याने हाडं ठिसूळ होतात, नुसत्या हलवाहलवीनेही तडकतात. वेळीच कळलं असतं तर पाय स्थिर ठेवून भरून आलं असतं.

"आणि मी जो व्यायाम करायचे रोज?" हेमांगीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला कळायला मार्गच नव्हता, हेमांगीताई."

"त्याने हाडाला त्रास झाला का, एवढंच सांगा."

"झाला असणार."

"रोज?"

ते औषधं लिहू लागले.

शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद त्याच्या छातीत नव्हती. दुखणं कमी करणारी औषधं नळीतून सुरू झाली. पायाखाली वाळूच्या पिशव्या लावून तो हलणार नाही असा ठेवला. हेमांगी आता कूस बदलताना दोन बायकांना बोलवायची, आणि तेव्हा ती त्याच्या पायाला हात लावायला इतकी कचरायची की त्या म्हणायच्या, तुम्ही बाजूला व्हा बाई, आम्ही करतो. ती बाजूला व्हायची. पण खोलीबाहेर जायची नाही. दुखतंय असा आवाज आला तर ऐकायला आपण असलं पाहिजे, असं तिला वाटायचं.

औषधं लागू पडल्यावर तो शब्द येईनासा झाला. त्यानंतर वैखरी फार थोडं बोलली. एकदा "पडदा" म्हणाली, म्हणून हेमांगीने खिडकीचा पडदा सारला. बरोबर केलं की चूक, ते कळलं नाही. एकदा स्पृहाचा आवाज ऐकून "पोर" एवढंच. स्पृहा त्या एका शब्दावर तिकडे तासभर रडली आणि म्हणाली, "आई, हे त्यांचं होतं ना? नक्की?" हेमांगीने पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला.

मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, हेमांगीने त्याला विचारलं. बरेच दिवस तिने शब्द जुळवले होते, पण बोलायच्या वेळी ते सगळे निसटले.

"शिरीष, मी रोज दुखवलं तुला. तू सांगत होतास आणि मी तुलाच विचारत होते, बरं वाटतंय ना म्हणून. आणि ते सगळं गोड गोड ऐकून मी खूश होते रे. इतकी खूश होते." तिचा आवाज फुटला. "रागावलास माझ्यावर?"

ठिपके लुकलुकू लागले.

ती वाट बघत राहिली. शब्द येत नव्हता, पण ठिपके थांबतही नव्हते. एरवी ते थोडे चमकून विझायचे. त्या दिवशी ते चालूच राहिले. तो काहीतरी बोलत होता. एक शब्द नाही, पुष्कळ बोलत होता. रागाचं असेल, मायेचं असेल, पुन्हा कुठेतरी नवीन दुखत असेल. तिने पाय पाहिला, पाठ पाहिली, नळ्या तपासल्या, नाडी मोजली. सगळं जागेवर होतं. ठिपके चालूच.

बटण हाताशी होतं. दाबलं असतं तर त्याच्याच आवाजात एखादं वाक्य आलं असतं. काय आलं असतं तेही तिला जवळजवळ ठाऊक होतं. हेमांगी, मी कसा रागावेन तुझ्यावर. तिने बोट बटणावर नेलं, तसंच ठेवलं. ते वाक्य तिला फार हवं होतं.

तिने हात मागे घेतला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"मला कळत नाहीये शिरीष," ती म्हणाली. "पण तू बोल. मी इथेच बसलेय."

ऊन भिंतीवरून उतरून गेलं. खाली कुणीतरी मुलांना खेळातून घरी बोलावलं. केव्हातरी ठिपके विझले.

त्यानंतर आठवडाभरात छातीत संसर्ग होऊन तो गेला. स्पृहाला येता आलं नाही. तिला कळा त्याच आठवड्यात सुरू झाल्या होत्या. बाळाला घेऊन ती आली तेव्हा पलंग काढलेला होता, खोली धुतलेली होती. तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि इतके दिवस फोनवर टाळलेलं विचारलं.

"आई, बाबा शेवटी काय म्हणाले गं?"

हेमांगीने बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"खूप वेळ बोलला," ती म्हणाली. "मला कळलं नाही."